सोनेरी शाईचे अर्थशास्त्र : यशवंतपूरच्या औद्योगिक पट्ट्यातून श्रमविभागणीचा एक धडा

औद्योगिक विकासाचा अभ्यास करताना विद्यार्थ्यांचे लक्ष साहजिकच पोलाद, सिमेंट, वीज अशा अवजड उद्योगांकडे जाते. या उद्योगांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु उद्योगव्यवस्थेची वीण कशी असते, एक उद्योग दुसऱ्याच्या आधाराने कसा उभा राहतो आणि वाढत्या बाजारपेठेबरोबर कामाची वाटणी कशी बदलते, हे समजून घ्यायचे असेल तर एखादी लहानशी मध्यवर्ती वस्तू निवडून तिचा मागोवा घेणे अधिक उपयुक्त ठरते. व्यापारी छपाईत वापरली जाणारी तयार धातुशाई, म्हणजेच डबा उघडून थेट यंत्रावर चढविता येणारी सोनेरी वा रुपेरी शाई, ही अशीच एक वस्तू आहे. साबणाचे खोके, उदबत्तीचा पुडा, औषधाची पेटी, लग्नपत्रिका, दिनदर्शिका यांवर ती रोज नजरेस पडते. मात्र तिच्यामागील अर्थव्यवहाराचा विचार क्वचितच केला जातो.

बेंगळुरूच्या वायव्येकडील यशवंतपूर हा परिसर या अभ्यासासाठी सोयीचा आहे. महाराष्ट्रातील कांदा उत्पादकांना हे नाव तेथील बाजार समितीमुळे परिचयाचे आहे. पुण्याहून बेंगळुरूकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग शहरात शिरतो तो पीण्या आणि यशवंतपूर या पट्ट्यातूनच. या पट्ट्याची औद्योगिक घडण आणि धातुशाईची घडण यांत एक समान सूत्र आहे. काम वाटले गेले की प्रत्येक तुकड्याचा स्वतंत्र उद्योग होतो, हे ते सूत्र होय.

छापखान्यातील शाई ते बाजारातील शाई

मुंबईत १८३१ मध्ये गणपत कृष्णाजी यांनी पंचांग छापून प्रसिद्ध केले. मराठी मुद्रणाच्या या आरंभीच्या टप्प्यावर शाई ही बाजारातून हवी तेव्हा आणता येणारी वस्तू नव्हती. ती छापखान्यातच प्रयोग करून तयार करावी लागली. मुद्रक हाच शाई बनविणारा, यंत्र जुळविणारा आणि छपाई करणारा होता. छपाईचे काम थोडे आणि ग्राहक मोजके असताना केवळ शाई बनवून कोणाचा चरितार्थ चालणे शक्य नव्हते.

अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये मांडलेला सिद्धांत येथे लागू पडतो. श्रमविभागणी किती होईल, हे बाजारपेठेच्या विस्तारावर अवलंबून असते. अ‍ॅलिन यंग यांनी १९२८ मध्ये वाढत्या उत्पादनफलावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात हाच विचार पुढे नेला आणि त्यासाठी त्यांनी निवडलेले एक उदाहरण मुद्रण व्यवसायाचेच होते. आरंभीच्या मुद्रकांचे वारसदार केवळ आजचे मुद्रक नव्हेत. कागद, शाई, शाईचे घटक, खिळे आणि यंत्रे बनविणारे सर्वच त्यांचे वारसदार आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे जॉर्ज स्टिग्लर यांनी १९५१ मध्ये या प्रक्रियेला अधिक नेमके रूप दिले. उद्योग लहान असताना एकच घटक सर्व कामे आपल्याच छताखाली करतो. उद्योग वाढला की त्यातील काही कामे वेगळी होऊन स्वतंत्र उद्योगांकडे जातात. यालाच उभे विभाजन म्हणतात.

साधी काळी व रंगीत शाई या प्रक्रियेतून लवकर गेली. धातुशाई मात्र दीर्घकाळ मागे राहिली. सोनेरी शाईसाठी धातूची पूड वा पेस्ट आणि तिला बांधून ठेवणारे व्हार्निश हे दोन वेगळे डबे मुद्रक विकत घेत असे आणि छपाईच्या आधी ते आपल्या हाताने एकत्र करीत असे. हे शेवटचे मिश्रणाचे काम छापखान्यातून बाहेर पडायला इतका वेळ का लागला, या प्रश्नाचे उत्तर बाजारपेठेत जितके आहे तितकेच रसायनशास्त्रातही आहे.

धातूची पूड : गुपित, किंमत आणि यंत्र

सोनेरी शाईत सोने नसते. व्यवसायात तिच्या पुडीला ब्राँझ म्हणतात. पण काटेकोरपणे पाहता ते ब्राँझही नव्हे. ब्राँझ म्हणजे तांबे व कथील यांचा मिश्रधातू. शाईतील पूड मात्र तांबे व जस्त यांची, म्हणजेच पितळेची असते. तांबे सुमारे ७० टक्के आणि जस्त ३० टक्के असेल तर हिरवट झाक असलेला गडद सोनेरी रंग मिळतो. तांब्याचे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत गेले की रंग लालसर होतो. रुपेरी शाईत चांदीऐवजी अ‍ॅल्युमिनियम असते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही पूड मुख्यतः जर्मनीतील न्युरेंबर्ग परिसरातून येत असे. धातूचे पातळ पत्रे कुटून व घोटून ती हाताने बनविली जाई. १८४० च्या सुमारास इंग्लंडमधील हेन्री बेसेमर यांनी अशी पूड विकत घेतली तेव्हा तिचा भाव एका औंसाला सात शिलिंग होता. त्यातील पितळेची किंमत त्या मानाने नगण्य होती. भाव धातूचा नव्हता, हातमेहनतीचा आणि गुपिताचा होता. बेसेमर यांनी पूड बनविण्याची यंत्रे तयार केली. परंतु त्यांनी त्यांचे एकस्व घेतले नाही, कारण एकस्व घेतल्यास पद्धत जाहीर करावी लागली असती. कारखान्याचे काम मोजक्या विश्वासू माणसांच्या हाती ठेवून त्यांनी ते गुपित अनेक वर्षे राखले. या धंद्यातील नफ्यावरच त्यांचे पोलादावरील प्रयोग चालले आणि १८५६ मध्ये त्यांनी पोलाद निर्मितीची आपली सुप्रसिद्ध पद्धत जाहीर केली. एकस्व आणि व्यापारी गुपित यांतील फरक समजून घेण्यासाठी विद्यार्थ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. एकस्वात मर्यादित काळाच्या मक्तेदारीच्या बदल्यात ज्ञान समाजाला मिळते. गुपितात मक्तेदारीला कालमर्यादा नसते. पण ती फुटण्याची भीती कायम राहते.

दुसरा महत्त्वाचा टप्पा अ‍ॅल्युमिनियमचा. अ‍ॅल्युमिनियमची कोरडी पूड हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. १९२० च्या दशकात अमेरिकेत एव्हरेट हॉल यांनी ही पूड खनिज द्रावकात भिजवून, स्टिअरिक आम्लाच्या साहाय्याने, पोलादी गोळ्यांच्या फिरत्या पिंपात दळण्याची पद्धत विकसित केली. पूड ओली असल्याने धोका घटला आणि थेट पेस्ट हाती येऊ लागली. आजही ही पद्धत व्यवसायाचा पाया आहे.

छापखान्यांत कोरडी पूड वापरण्याची जुनी रीत होती. आधी चिकट व्हार्निश छापायचे आणि ते ओले असतानाच त्यावर पूड भुरभुरायची. या कामात कामगारांच्या श्वासावाटे धातूची धूळ शरीरात जाई. ब्रिटनमध्ये १९१२ मध्ये या कामासाठी स्वतंत्र नियम करावे लागले. भारतात कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३७ मध्ये स्फोटक धुळीसंबंधी तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली असून कारखान्यांतील सुरक्षेचे नियमन आता या संहितेखाली येते. पुडीकडून पेस्टकडे आणि पेस्टकडून तयार शाईकडे झालेली वाटचाल ही अशा रीतीने कामगारांच्या आरोग्याचीही वाटचाल आहे. धोक्याचे काम अनेक छापखान्यांत विखुरलेले राहण्याऐवजी मोजक्या, नियंत्रित ठिकाणी एकवटते.

तयार शाई टिकवणे हेच खरे आव्हान

साधी शाई बनविताना रंगद्रव्य आणि व्हार्निश तीन रुळांच्या यंत्रातून दाबून घोटले जाते. धातुशाईच्या बाबतीत ही रीत चालत नाही. धातूचे कण गोल नसतात. ते काही मायक्रॉन रुंदीचे आणि त्याहून कितीतरी पातळ असे पापुद्रे असतात. रुळांखाली ते मोडले वा दुमडले तर चकाकी जाते. म्हणून पेस्टमध्ये व्हार्निश थोडे थोडे मिसळत, मंद गतीने ढवळून ही शाई तयार केली जाते.

पापुद्र्यांवर स्टिअरिक आम्लाचा पातळ थर असतो. त्यामुळे शाई कागदावर पडताच ते वर तरंगतात आणि कौलांप्रमाणे एकमेकांवर आडवे पसरतात. या गुणाला व्यवसायात लीफिंग म्हणतात. प्रकाश या आडव्या पापुद्र्यांवरून परावर्तित होतो आणि धातूची झळाळी दिसते. हाच थर निघून गेला तर पापुद्रे बुडतात आणि सोनेरी रंग मळकट तपकिरी दिसू लागतो.

शाई दोन डब्यांत विकण्याचे कारण येथे आहे. व्हार्निशमधील मुक्त आम्ल तांब्याशी अभिक्रिया करते. परिणामी शाई हिरवट पडते, डब्यात घट्ट होते आणि तिची झळाळी जाते. तयार शाई करणाऱ्याला म्हणूनच अत्यल्प आम्लता असलेले व्हार्निश निवडावे लागते आणि ते मिश्रण महिनोन्‌महिने स्थिर राहील याची चाचणी घ्यावी लागते. पाण्यावर आधारित शाईत अडचण निराळी असते. पाण्याशी संयोग झाल्यास अ‍ॅल्युमिनियम हायड्रोजन वायू सोडते आणि बंद डबा फुगतो. त्यासाठी पापुद्र्यांवर सिलिका वा फॉस्फेटचा संरक्षक लेप द्यावा लागतो.

काळजी छपाईच्या वेळीही घ्यावी लागते. ऑफसेट यंत्रावर वापरले जाणारे पाण्याचे द्रावण सहसा आम्लधर्मी असते. सोनेरी शाईसाठी ते उदासीनतेच्या जवळ ठेवणे इष्ट ठरते. छपाईनंतर संरक्षणासाठी दिलेल्या लेपात अमोनिया अधिक असेल तर तांबे काळवंडते. शोषक कागदावर शाई आत मुरते आणि चमक मिळत नाही. म्हणून तयार शाई विकणारा केवळ डबा विकत नाही. कोणता कागद, कोणते पाणी, कोणता लेप याचे ज्ञानही तो विकतो. वस्तूबरोबर सेवा विकली जाण्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

थोडक्यात, काही काम छापखान्याबाहेर जाण्यासाठी बाजारपेठ मोठी असणे आवश्यक असते, पण पुरेसे नसते. ते काम साठवून ठेवता येईल अशा वस्तूच्या रूपात आणणेही आवश्यक असते. धातुशाईचे टिकाऊपण वाढले तेव्हाच तिच्या मिश्रणाचा उद्योग झाला.

खरेदी की स्वनिर्मिती : एक काल्पनिक उदाहरण

रोनाल्ड कोझ यांनी १९३७ मध्ये उद्योगसंस्थेच्या स्वरूपाविषयी मूलभूत प्रश्न विचारला. एखादे काम संस्था स्वतः का करते आणि बाजारातून का विकत घेत नाही? या दोन पर्यायांच्या खर्चांची तुलना हे त्याचे उत्तर होय. सोप्या आकड्यांनी ते स्पष्ट होईल. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा, पेस्ट व व्हार्निश विकत घेऊन छापखान्यात शाई मिसळली तर साहित्याचा खर्च किलोला १,००० रुपये येतो. प्रत्येक कामात कमी पडू नये म्हणून २ किलो शाई जास्त करावी लागते आणि ती नंतर वाया जाते. मिसळणे व रंग जुळवणे यात यंत्र थांबते, त्याचा खर्च १,५०० रुपये. म्हणजे दर कामामागे ३,५०० रुपयांचा स्थिर खर्च झाला. उलट तयार शाई किलोला १,२५० रुपयांना मिळते, ती तशीच वापरता येते आणि उरलेली पुढच्या कामाला चालते.

८ किलो शाई लागणाऱ्या कामात स्वतः मिसळण्याचा खर्च ११,५०० रुपये आणि तयार शाईचा १०,००० रुपये होतो. तयार शाई स्वस्त पडते. ५० किलोच्या कामात मात्र स्वतः मिसळण्याचा खर्च ५३,५०० आणि तयार शाईचा ६२,५०० रुपये होतो. येथे स्वनिर्मिती किफायतशीर ठरते. दोन्ही खर्च समान होतात ते १४ किलोला, कारण किलोमागे २५० रुपयांचा फरक १४ किलोंवर बरोबर ३,५०० रुपये होतो.

या उदाहरणातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. तयार शाईचा दर किलोला अधिक असूनही तिचा लाभ प्रामुख्याने लहान कामे घेणाऱ्या छापखान्याला होतो. पाचशे लग्नपत्रिका वा दोन हजार खोकी छापणाऱ्याला सोनेरी रंग परवडू लागतो तो तयार शाईमुळे. मोठ्या छापखान्याजवळ असणारे मिश्रणाचे कसब आणि वेळ लहान छापखान्याला डब्यातून उपलब्ध होतात. मोठ्या आणि लहान घटकांतील स्पर्धा काही अंशी समतोल होते.

याचबरोबर जोखीमही हस्तांतरित होते. वाया जाणाऱ्या शाईचा भार पूर्वी छापखान्यावर होता. तयार शाईत न खपलेला, मुदत उलटलेला साठा शाई उत्पादकाच्या अंगावर पडतो. तो हा भार पेलू शकतो, कारण त्याचे ग्राहक अनेक असतात. एकाची मागणी घटली तरी दुसऱ्याची वाढते. विमा व्यवसायाप्रमाणे येथेही जोखमीचे एकत्रीकरण होऊन एकूण नुकसान घटते. परंतु यासाठी पुष्कळ ग्राहक जवळपास असावे लागतात. म्हणूनच स्थानाचा विचार महत्त्वाचा ठरतो.

यशवंतपूर : उद्योगांच्या शेजाराचे मोल

यशवंतपूरच्या सीमेलगत १९०९ मध्ये स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था आहे. म्हैसूर संस्थानाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू केलेला चंदन साबणाचा सरकारी कारखाना १९५७ मध्ये नजीकच्या राजाजीनगर औद्योगिक उपनगरात आला. किर्लोस्कर उद्योगसमूहातील किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी १९४६ मध्ये बेंगळुरूत स्थापन झाली. जवळच्या जालहळ्ळी येथे १९५० च्या दशकात हिंदुस्तान मशीन टूल्स आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स हे सार्वजनिक उपक्रम उभे राहिले. तुमकुरू मार्गावर १९६२ मध्ये यंत्रोपकरणांच्या संशोधनाची केंद्रीय संस्था स्थापन झाली. १९७० च्या दशकात पीण्या औद्योगिक वसाहत आकाराला आली आणि देशातील लघुउद्योगांचे एक प्रमुख केंद्र बनली. १ मार्च २०१४ रोजी या पट्ट्यातून मेट्रो धावू लागली, तेव्हा यशवंतपूरच्या शेजारच्या स्थानकाला साबण कारखान्याचेच नाव मिळाले.

अल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये उद्योगांच्या स्थानिकीकरणाचे तीन लाभ सांगितले होते : कुशल कामगारांचा साठा, पूरक उद्योगांची वाढ आणि ज्ञानाचा सहज प्रसार. या बाह्य बचती कोणत्याही एका कारखान्याच्या मालकीच्या नसतात. त्या परिसराच्या असतात. यशवंतपूर, राजाजीनगर आणि पीण्या या पट्ट्यात तिन्ही दिसतात. साबण, उदबत्ती, औषधे, खाद्यपदार्थ आणि विद्युत उपकरणे यांना खोकी लागतात. खोक्यांना छपाई लागते आणि छपाईला शाई. कर्नाटक हे उदबत्ती उद्योगाचे प्रमुख राज्य असून बेंगळुरू व म्हैसुरू ही त्याची केंद्रे आहेत. उदबत्तीचे पुडे सुगंध व आकार यांनुसार असंख्य प्रकारचे असतात आणि प्रत्येक प्रकाराची छपाई थोड्या प्रमाणात होते. अशा छोट्या व वारंवार येणाऱ्या कामांसाठीच तयार धातुशाई सर्वाधिक सोयीची असते, हे वरील उदाहरणावरून लक्षात येईल.

अल्बर्ट हिर्शमन यांनी १९५८ मध्ये मांडलेली अग्रगामी व पश्चगामी अनुबंधांची संकल्पना येथे उपयोगी पडते. शाई उत्पादनाचा पश्चगामी अनुबंध धातू उद्योगाशी आहे. तमिळनाडूत मदुराईजवळील तिरुमंगलम आणि शिवकाशी परिसरात अ‍ॅल्युमिनियमची पूड व पेस्ट बनविणारे कारखाने आहेत. शिवकाशीत फटाके आणि छपाई हे दोन्ही व्यवसाय एकत्र नांदतात आणि दोहोंनाही अ‍ॅल्युमिनियमची पूड लागते, ही बाब उद्योगांच्या परस्परसंबंधांचा विचार करताना उद्‌बोधक ठरते. शाईचा अग्रगामी अनुबंध आवेष्टन उद्योगाशी व त्यामार्गे ग्राहकोपयोगी वस्तूंशी आहे.

शेजाराबरोबरच प्रमाणीकरणाचेही महत्त्व आहे. १९६३ पासून प्रचारात आलेल्या पॅन्टोन रंगक्रमांकांमुळे मुंबईतील ग्राहकाने केवळ क्रमांक कळवावा आणि बेंगळुरूतील मुद्रकाने तोच रंग द्यावा, हे शक्य झाले. या मालिकेत ८७१ ते ८७६ हे सोनेरी व ताम्र छटांचे, तर ८७७ हा रुपेरी रंगाचा क्रमांक आहे. हाताने मिसळलेल्या शाईत दर खेपेस छटा थोडी बदलते आणि वाद उद्भवतात. क्रमांकानुसार बनविलेल्या तयार शाईमुळे मोजमाप, घासाघीस आणि तंटे यांवरील व्यवहार खर्च घटतो.

सांख्यिकीतील एक सूक्ष्म मुद्दा

राष्ट्रीय उद्योग वर्गीकरण, २००८ नुसार मुद्रणाचा समावेश विभाग १८ मध्ये होतो, तर छपाईची शाई रंग व व्हार्निशांबरोबर गट २०२२ मध्ये, म्हणजे रासायनिक उत्पादनांत मोडते. छापखाना स्वतः शाई मिसळतो तेव्हा त्या कामाचे मूल्यवर्धन मुद्रण उद्योगाच्या खात्यात नोंदले जाते. तोच छापखाना तयार शाई घेऊ लागला की ते मूल्यवर्धन रसायन उद्योगात दिसू लागते. प्रत्यक्ष काम तेच, जागा बदलली. म्हणून एखाद्या उद्योगाचा हिस्सा वाढला वा घटला हे वाचताना त्यामागे उत्पादनातील बदल आहे की केवळ कामाच्या वाटणीतील, हे तपासणे आवश्यक असते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीत शाईची किंमत खोक्याच्या किमतीत आणि खोक्याची साबणाच्या किमतीत सामावलेली असते. ती पुन्हा स्वतंत्रपणे मिळविल्यास दुहेरी गणना होईल.

धोरणाची कसोटी

श्रमविभागणीचे लाभ आपोआप सर्वांपर्यंत पोहोचत नाहीत. तयार शाई बनविणारा लहान उत्पादक दोन बाजूंनी दाबला जातो. एकीकडे त्याचा कच्चा माल जागतिक भावांवर चालतो. मे २०१८ मध्ये तुतिकोरीन येथील तांबे प्रद्रावक बंद झाल्यानंतर २०१८-१९ पासून भारत शुद्ध तांब्याचा निव्वळ आयातदार बनला. मार्च २०२४ मध्ये गुजरातेत मुंद्रा येथे नवा तांबे प्रकल्प सुरू झाला. तांब्याचे भाव वा रुपयाचा विनिमय दर हलला की सोनेरी शाईचा खर्च हलतो. दुसरीकडे ग्राहक शाई उधारीवर घेतो. धातू रोखीने आणि विक्री उधारीने, या कात्रीत खेळते भांडवल अडकते. जोखीम उत्पादकाकडे आली, पण ती पेलण्याची आर्थिक शक्ती आली नाही, तर विशेषीकरणाचा पाया डळमळीत होतो.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ मधील तरतुदींचे महत्त्व येथे कळते. कलम १५ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराची रक्कम करारात ठरलेल्या मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत, चुकती करणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास कलम १६ नुसार बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज द्यावे लागते. वित्त अधिनियम, २०२३ ने आयकर अधिनियम, १९६१ मध्ये बदल करून, मुदतीत न चुकविलेल्या अशा रकमेची वजावट प्रत्यक्ष रक्कम देईपर्यंत नाकारली. १ एप्रिल २०२५ पासून या उद्योगांच्या व्याख्याही विस्तारल्या. यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २.५ कोटी व उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असेल तर सूक्ष्म, २५ कोटी व १०० कोटींपर्यंत लघु, आणि १२५ कोटी व ५०० कोटींपर्यंत मध्यम उद्योग मानला जातो.

कररचनेचा परिणामही लक्षणीय आहे. १८ जुलै २०२२ पासून छपाईच्या शाईवरील वस्तू व सेवा कर १२ वरून १८ टक्के झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून पुठ्ठ्याच्या खोक्यांवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ग्राहकाच्या दृष्टीने ही कपात स्वागतार्ह आहे. परंतु शाईसारख्या निविष्टीवर अधिक आणि तयार खोक्यावर कमी कर असेल तर खरेदीवर भरलेला कर विक्रीवरील करातून पूर्णपणे वळता होत नाही. याला उलटी कररचना म्हणतात. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम ५४(३) नुसार अशा साचलेल्या रकमेच्या परताव्याची सोय आहे. मात्र परतावा हाती येईपर्यंत लहान उद्योजकाचे भांडवल अडकते.

ग्राहकाच्या आरोग्याचा प्रश्नही शाईशी जोडलेला आहे. अन्नसुरक्षा व मानके (आवेष्टन) विनियम, २०१८ नुसार खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील शाई भारतीय मानक १५४९५ प्रमाणे असणे आवश्यक आहे. छपाईचा भाग अन्नाच्या थेट संपर्कात येऊ नये, हा त्यामागील दृष्टिकोन आहे. प्रत्येक छापखाना आपल्या पद्धतीने शाई मिसळत असेल तर अशा मानकाची तपासणी जवळजवळ अशक्य होते. बंद डब्यातील, तुकडी क्रमांक असलेली तयार शाई तपासता येते. नियमन परिणामकारक होण्यासाठीही विशेषीकरण साहाय्यभूत ठरते, ते असे.

पर्यावरणाच्या दृष्टीनेही तयार धातुशाईला स्थान आहे. चकाकीसाठी पुठ्ठ्यावर धातूचा मुलामा दिलेली प्लास्टिकची फिल्म चिकटविली तर कागद आणि प्लास्टिक वेगळे करणे अवघड होते व पुनर्वापरात अडथळा येतो. शाईने मिळविलेली चमक तितकी आरशासारखी नसते, पण खोके कागदाचेच राहते. अर्थात गरम फॉइल आणि अभ्रकावर आधारित चमकदार रंगद्रव्ये यांची स्पर्धा या व्यवसायाला आहेच, आणि तिला तोंड देण्यासाठी संशोधनाची जोड लागेल. भारतीय विज्ञान संस्थेसारख्या संस्थेच्या शेजारी वसलेल्या औद्योगिक पट्ट्याला ती मिळणे अशक्य नाही. प्रयोगशाळा आणि लघुउद्योग यांना जोडणारी यंत्रणा मात्र सक्षम हवी.

समारोप

गणपत कृष्णाजींच्या छापखान्यात एकाच छताखाली असलेली कामे आज अनेक राज्यांत आणि उद्योगांत विभागली गेली आहेत. धातू एका ठिकाणी वितळतो, पेस्ट दुसऱ्या ठिकाणी होते, शाई तिसऱ्या ठिकाणी मिसळली जाते आणि खोके चौथ्या ठिकाणी छापले जाते. या साखळीतील प्रत्येक दुवा कार्यक्षम झाला म्हणून लहानशा छापखान्यालाही सोनेरी अक्षरे छापणे परवडू लागले. परंतु साखळीची ताकद तिच्या सर्वांत अशक्त दुव्याइतकीच असते. काम वाटले जाते तेव्हा जोखीमही वाटली जाते. ती ज्याच्या वाट्याला येते त्याला वेळेवर पैसा, सुसंगत कररचना आणि तांत्रिक साहाय्य मिळणे, ही औद्योगिक धोरणाची खरी कसोटी होय.

सरावासाठी प्रश्न

१. श्रमविभागणी बाजारपेठेच्या विस्ताराने मर्यादित होते, हे विधान मुद्रण उद्योगाच्या संदर्भात स्पष्ट करा.

२. एकस्व आणि व्यापारी गुपित यांतील फरक सोदाहरण सांगा.

३. लेखातील काल्पनिक उदाहरणात तयार शाईचा दर किलोला १,३५० रुपये झाल्यास दोन्ही पर्यायांचा खर्च किती किलोला समान होईल? त्याचा परिणाम लहान छापखान्यांवर काय होईल?

४. उलटी कररचना म्हणजे काय? लघुउद्योगांच्या खेळत्या भांडवलावर तिचा होणारा परिणाम विशद करा.

५. औद्योगिक स्थानिकीकरणातून मिळणाऱ्या बाह्य बचती यशवंतपूर व पीण्या परिसराच्या आधारे स्पष्ट करा.